सहा नगेट

जाम चौकात नवा ठेला लागलाय, लाल छत्रीचा.
श्रावीनं हात धरून नेलं.
"मामा, चिकनवाले. साठला सहा."

बुटीबोरीत अकरा महिने
मी त्याच मशीनपाशी उभा होतो,
रात्रपाळी, रबरी बूट, बोटं बधिर.
वरून टाकायची मानेची सालटी,
पाठीचा खरवडलेला चुरा, बर्फ,
अन् मग गोण्या.

एका रात्री गोणी फोडली
तर नाकात हिंगणघाटचं मार्केट यार्ड शिरलं.
सोयाबीनचं पीठ.
ओळखणारच ना बाप्पा,
बारा हंगाम मळणीयंत्रावर कुटार खाल्लंय मी.

घरी तुही माय सोयाबीनच्या वड्या करते
तं ताट सरकवतं हे पोट्टं,
अन् इथं सॉसमध्ये बुडवून
बोटं चाटते.

"मस्त आहे न कोंबडी?"
हाव, म्हटलं.
एक उचललं. चावलं.
आधी मीठ लागलं, मग आमचं वावर.
कोंबडी लांबून कुठून तरी
आरवल्यासारखी.

उरलेलं एक तिनं कुत्र्याकडं फेकलं.
त्यानं हुंगलं,
अन् खाण्याआधी
माझ्याकडं पाहत राहिला,
जसा काही मी अजून
पाळीवरच आहे.