मूळ प्रत

केंजळ्यांच्या स्प्रिंगच्या कारखान्यात पोचलो तेव्हा
बुधवारचे साडेचार.
उद्या गुरुवार, भोसरीची वीज सकाळी सातला जाणार
आणि कधी येणार ते एमएसईबीलाच ठाऊक.
त्याच्या आत काय ते कर, म्हणाले,
चहा सांगितला नाही.

मेल उघडत नव्हता.
म्हणजे उघडायला लागायचा,
निळी पट्टी अर्ध्यापर्यंत यायची,
विचारात पडायची,
मग सगळं पांढरं.

फाइल पाहिली. दोन जीबी, काठोकाठ.
जुनी आवृत्ती, तिची वेस तेवढीच.
शेवटचा निरोप एक पाय आत ठेवून उभा
आणि त्याच्यामागे दार लागत नव्हतं.

“कधी काही पुसलं नाहीत?”
“आलेलं पत्र कोणी टाकतं का?”

आधी प्रत काढली.
हे मला कुठल्या क्लासात नाही शिकवलं,
कोथरूडच्या एका वकिलांच्या फाइलीने शिकवलं,
ते वकील अजून माझा फोन घेत नाहीत.

मग सांगितलं: प्रतीच्या शेपटाकडून पंचवीस एमबी कापायचे,
उरलेलं दुरुस्त करायचं,
मग मोठ्या साच्यातली नवी फाइल.
“कापलेल्यात कोणती पत्रं?”
“सांगता येत नाही.”
“जुनी असतील.”
“तारखेने नसतात ती. जागा मिळेल तिथे बसतात.”
“म्हणजे पीएमटीसारखं,” हिशेबाच्या रानवडे बाई पर्स उचलत म्हणाल्या
आणि त्यांची बस गाठायला गेल्या.

केंजळे टेबलावरची एक स्प्रिंग दाबत राहिले.
“हद्दीबाहेर ताणली की ही परत येत नाही.
भंगारात टाकतो मी.”
थांबून म्हणाले, “हे नाही टाकायचं.”

कापलं.
आवाज होत नाही त्याचा.
मला उगीच वाटलं होतं, व्हावा.

दुरुस्तीचे आठ टप्पे.
तिसऱ्यावर शेडमधली माणसं गेली,
पाचव्यावर केंजळ्यांनी डबा उघडला
आणि न विचारता अर्धी भाकरी माझ्या बाजूच्या कागदावर ठेवली,
कागद कोटेशनचा, सुकटीचं तेल त्यात उतरत गेलं.
सातवा टप्पा तासभर जागचा हलला नाही.
वॉचमन दोनदा येऊन विचारून गेला,
झालं का?
जसं आत कोणाला तपासायला नेलंय.

पाच चाळीसला उघडलं.
एकतीस हजार चारशे काहीतरी.
आधी किती होती, कोणी मोजलेली नव्हती.

तारेचे भाव. परत तारेचे भाव.
चाकणच्या कंपनीचा नकार, त्यांचाच पुढल्या वर्षीचा नकार,
मजकूर तोच, साहेब बदललेला.
नाचत्या पणत्यांच्या दिवाळ्या, एकेक चार एमबीची.
भाच्याची लग्नपत्रिका,
आणि तीच पुन्हा, पहिलीत मुहूर्त चुकला म्हणून.

केंजळे खुर्ची ओढून बसले.
शोधाच्या चौकटीत काही टाइप केलं,
खोडलं.
दुसरं काही टाइप केलं, तेही खोडलं.
जे गेलं त्याचं नाव आठवेना
आणि ज्याचं नाव आठवत होतं
ते सगळं होतं.

सातला वीज गेली.
यूपीएस ओरडायला लागला, त्या उजेडात म्हणाले,
“बिल किती?”
शंभर रुपये कमी दिले.

त्याला अकरा वर्षं झाली.
न कापलेली प्रत माझ्याकडे आहे, धनकवडीला,
टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या डिस्कवर,
स्केचपेनने लिहिलंय: केंजळे, मूळ.
ती उघडत नाही.
दर दिवाळीच्या आवराआवरीत हातात येते,
बायको विचारते, हे टाकायचं?
मी म्हणतो, ग्राहकाचं आहे.

एकदाच फोन आला होता त्यांचा, रात्री, आवाज जरा बसलेला.
“ती पहिली प्रत ठेवलीयस ना?”
“आहे.”
“उघडायची नाहीये.
असू दे.”