मागीर

पाच वाजेपर्यंत मोकळा दिवस, सर म्हणाले,
आणि बस कळंगुटकडे वळली.
आनैस, केव्हिन, सगळे समुद्राला गेले.
मी नाही. समुद्र घरी आहे,
स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो, फुकट.

पणजीत उतरले एकटीच.
सकाळी गेस्टहाऊसच्या बाईंनी वहीत लिहिलं होतं,
नाव : देवकी राघूजी. देश : मॉरिशस.
मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
तोंडावरून तर आमच्यातलीच वाटतेस गो.
याला काय उत्तर द्यायचं असतं?
मी हसले. ते तरी कुठल्या भाषेत नसतं.

रंगीत घरांच्या गल्लीत सगळे फोटो काढत होते,
मीही एक काढला.
एका म्हातारीने वाळत घातलेली चादर
मुद्दाम ओढून मध्ये आणली.
फोटोत आता चादरच आहे, निळ्या काठाची,
आणि तिच्या खाली दोन पावलं.

मासळी बाजाराजवळ चपलेचा अंगठा तुटला.
चांभार गदगचा. त्याची कोकणी कानडी वळणाची,
माझी मराठी शनिवारच्या शाळेतली,
कर्ता कर्म क्रियापद, इस्त्री केलेली.
'आपण ही चप्पल दुरुस्त कराल का?' मी विचारलं
आणि तो आपण कोण ते बघायला मागे वळला.
मॉरिशस म्हणजे हुबळीच्या पुढं काय?
थोडं पुढे, मी म्हटलं.
बारा वर्षं झाली इथं, तो दोरा दातानं तोडत म्हणाला,
अजून विचारतात, गावाला कधी जाणार.
वीस रुपये.

बाबांनी एकच मागितलं होतं : तिरफळं.
त्यांनी ती कधी पाहिली नाहीत,
त्यांच्या आईनेही नाही.
घरात नुसतं नाव उरलंय, बांगड्याच्या कालवणात
दरवेळी कुणीतरी म्हणतं, तिरफळं हवी होती,
आणि बाकीचे जेवत राहतात.

दुकान सापडलं तेव्हा एक वाजला होता.
माणूस अर्धं शटर ओढून, वाकून आतूनच बोलला,
मागीर यो.

मागीर.

बाबा म्हणतात हा शब्द. साखर कारखान्यातून आल्यावर,
बूट काढता काढता, कशालाही : मागीर बघू.
मी निबंधात लिहिला होता सहावीत.
गुरुजींनी लाल शाईने खोडून वर 'नंतर' लिहिलं,
समासात : हा मराठी शब्द नाही.
मग मी घरी जाऊन बाबांना सुधारलं.
ते ओशाळले. मला आठवतं ते ओशाळणं,
निबंधाचा विषय आठवत नाही.

आमचा जो पहिला राघू बोटीत चढला
त्याने बंदरावर कुणाला काय सांगितलं, माहीत नाही.
उगाच त्याच्या तोंडी काही घालणार नाही मी.
यादीत उंची आहे, पाच फूट दोन,
डाव्या दंडावर जुना व्रण,
आणि नावाच्या पुढे कारकुनाला सुचला तसा 'जी'.

शटर उघडेपर्यंत तीन तास. शहर झोपलेलं.
बेतीच्या फेरीबोटीत चढले, चालणाऱ्यांना तिकीट नाही.
पलीकडे गेले, उतरले नाही, परत आले.
पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला दोरवाल्याने विचारलं,
काय हरवलंय?
काही नाही, मी म्हटलं, सुट्टी आहे.

चार वाजता त्याने पन्नास ग्रॅम तोलून कागदात बांधली.
बी टाकून द्यायची, बाय. साल ठेवायची.
वास घेतला. काहीच आठवलं नाही.
मला वाटलं होतं, आठवेल.
मग एक दाताखाली धरलं.

बसमध्ये आनैस वाळू झटकत विचारते आहे,
दिवसभर काय केलंस तू?
जीभ अजून जाग्यावर नाही.
मी पुडी तिच्या नाकाजवळ धरते.
ती शिंकते.