उसवण

तार्तूला जानेवारीत चारलाच अंधार पडतो.
हेल्दुरच्या दुकानात तेवढे तीन पडदे उजळ,
तिन्ही कुठे ना कुठे अडकलेले.

पहिला रास्मुसचा, देखणा, सफरचंदवाला.
रात्री त्याने गाजावाजा न करता स्वतःला नवं करून घेतलं
आणि सकाळी म्हणाला, हा स्कॅनर कोण? मी ओळखत नाही.
अकरा वर्षांचा शेजार होता.
रास्मुस म्हणतो, निदान अपमान तरी वळणदार अक्षरात केला.

मधला हेल्दुरचा स्वतःचा. लिनक्स.
तो काही म्हणजे काही लपवत नाही,
काळ्या पडद्यावर चार हजार ओळी धडाधड ओकतो,
खरं दुखणं त्यातल्या एकीत, तुमचं तुम्ही शोधा.
वायफाय गेलंय.
वायफाय आणायचं औषध
वायफायवरूनच उतरवून घ्यायचंय.
"पण कुणाचा मिंधा नाही," हेल्दुर म्हणतो,
उनाड पोराची बाजू घेणाऱ्या बापासारखा.

तिसरा ओइये बाईंचा, विंडोज.
सत्तावीस टक्के. कृपया बंद करू नका.
दुपारी सत्तावीस, आत्ताही सत्तावीस.
आठवडाभर तो विचारत होता: आत्ता, की थोड्या वेळाने?
'नकोच' हे बटण
बाईंनी चष्मा पुसून पुसून शोधलं होतं.

दोघे हमरीतुमरीवर आलेत,
न सांगता मोडणारा बरा की सांगून सांगून मोडणारा.
मी स्क्रू निवडत बसलोय.
बाई कोपऱ्यात, सुयांवर मुहू बेटाचा हातमोजा,
नारिंगीत गुलाबी, डोळ्यांत भरेलसा.
त्यांचा नमुने आखायचा प्रोग्रॅम अठ्ठ्याण्णव सालचा.
नव्या घरात तो नांदणार नाही
हे हेल्दुरला माहीत आहे;
कोणत्या तोंडाने सांगायचं, ते माहीत नाही.

"चाळिसाव्या ओळीत टाका चुकला," बाई मान वर न करता म्हणतात,
"तर मी चाळीसपर्यंत उसवते.
लोकर थोडी कुरळी होते, एवढंच.
ह्याला उसवता येत नाही का?"

"येतं," हेल्दुर म्हणतो. "दहा दिवस."
"आणि अकराव्या दिवशी?"
"लोकर फेकून देतो."

बाईंच्या सुया थांबतात.
मघापासून पहिल्यांदाच.

मग हेल्दुर डिस्क बाहेर काढतो, कॉफी विसरतो,
आणि साडेआठच्या सुमाराला
नव्या यंत्रणेच्या पोटात एक जुनी यंत्रणा बसवतो,
छोटी, भाबडी,
जिला वाटतं अजून अठ्ठ्याण्णवच चालू आहे.
तिच्यात बाईंचा नमुना उघडतो, चौकट चौकट.

"हां, अस्तर," बाई म्हणतात,
गर्दीत माहेरचं कुणी दिसावं तशा.

त्या गेल्यावर रास्मुस
गळपट्टा गुंडाळता गुंडाळता, जरा खालच्या आवाजात:
"माझ्या स्कॅनरलाही लावता येईल का, अस्तर?"

हेल्दुर चार हजार ओळींवरून बोट फिरवतोय.
"वायफाय आलं," तो म्हणतो, "की बघू."