खाडाखोड एक

एरंडोलच्या रजिस्टर कचेरीमागं पत्र्याचं शेड.
तिथं टायपिंगला बसले तेव्हा मी एकोणीस वर्षांची.
उखा अप्पांनी पहिल्याच दिवशी बजावलं:
बोटं नंतर. आधी शब्द.

त्यांची एक चोपडी होती, लाल कापडी बांधणीची,
कोपऱ्यांवर चुन्याचे डाग.
सबब म्हणजे बहाणा नव्हे, म्हणून.
मौजे मजकूर म्हणजे वर सांगितलेलं तेच गाव,
पुन्हा नाव घ्यायचा कंटाळा.
अज्ञान म्हणजे मूर्ख नाही गं,
अठरा पुरी न झालेला.
मग मी सज्ञान?
कागदावर, म्हणाले,
आणि कार्बन उलटा लागलाय ते दाखवलं.

पोटखराब मला बरेच दिवस दुखणंच वाटायचं.
आहेच ते, पण जमिनीचं:
नाला, खडक, पायवाट,
जिथं पीक येत नाही आणि सारा लागत नाही.
आचंद्रार्क म्हणजे चांदसूर्य असेतो.
एवढ्या मुदतीचे कागद
ते दीड रुपया पानाला लिहून देत.

चैत्रातला मंगळवार होता. उधन्याहून आलेली कोकिळाबाई,
दोन बाजूंना दोन भाऊ, भटू आणि रोहिदास.
हक्कसोड. विनामोबदला. राजीखुशीने,
कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत.
हे सगळं मी सकाळीच टाइप केलेलं,
तिचा चेहरा बघण्याआधी.

सही कुठं करायची ते भटू बोटानं दाखवत होता.
ती म्हणाली, वाच ना अप्पा. बठ्ठं वाच.

अप्पा वाचत गेले. गट नंबर, चतुःसीमा,
पूर्वेस गाडरस्ता, दक्षिणेस चिंधा महारू यांचं वावर,
आणि मग ती जुनी माळ, जी त्यांच्या गुरूनं घातली
म्हणून तेही घालत, कायद्याला आता तिचं काही नडत नाही:
दरोबस्त, जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण,
निधी, निक्षेपासह.

निक्षेप काय शे?

अप्पांनी चष्मा वर केला.
जमिनीमा जे पुरेल व्हई, ते.

तिनं भावांकडे पाहिलं नाही.
मन्ही पहिली पोर शे तठे. बांधवर, बोरखाले.
ती बी लिखेल शे का?

भटूनं घड्याळ पाहिलं, साहेब दीडला जेवायला उठतात.
रोहिदासनं टोपी काढली आणि हातात धरून बसला.
तेव्हा तो असेल अकरा-बारा वर्षांचा.
खड्डा कुणी खणला, मी विचारलं नाही.
शेजारच्या टेबलावर कुणीतरी
स्टँपला थुंकी लावत होतं.

पान बदलू का, मी विचारलं.
अप्पा म्हणाले, नको. दिसू दे.
त्यांनी टाक घेतला, पट्टी लावून
त्या एका शब्दावरून सरळ रेघ ओढली,
आणि समासात बारीक अक्षरात:
निक्षेप हा शब्द कमी केला. खाडाखोड एक, मान्य.
तिघांच्या सह्या घेतल्या तिथं.
रोहिदासची सही हलली.

मग कोकिळाबाईनं खाली, जिथं भाऊ म्हणत होता तिथं,
सावकाश, पूर्ण नाव लिहून
बाकीचं सगळं देऊन टाकलं.
पाणी, झाड, गवत, दगड.
मी वाट पाहत होते, ती थांबेल.
ती थांबली नाही.
चहासुद्धा न घेता तीनची गाडी पकडायला निघाली.

आत कारकुनानं विचारलं, हे काय खोडलंत?
अप्पा म्हणाले, टायपिंगची चूक.
मी मान खाली घातली, चूक माझीच असल्यासारखी.

आता चोपडी माझ्याकडे आहे.
मसुदे संगणकातून तयार येतात, त्यात ती माळ नसते.
परवा दुसरंच काही शोधताना न च्या पानावर थांबले.
निक्षेप: पुरून ठेवलेलं द्रव्य,
अप्पांच्या तरुणपणच्या अक्षरात.
खाली, निळ्या शाईत, कापऱ्या हाताचं:
व इतर.