चौदा टक्के

घणसोलीत, सोसायटीच्या मीटिंगला चहा आला
तेव्हा विषय क्रमांक पाच चालू होता :
बी-विंगच्या खांबावर माझ्या गाडीचा प्लग.

टिपणीस म्हणाले, आग लागली तर?
मी म्हटलं, तुम्हीही चाळीस लिटर पेट्रोल
रोज रात्री माझ्या बिछान्याखाली आणून ठेवता.
कुणीतरी हसलं. टिपणीस हसले नाहीत.
मग मीटर निघाला, मग केबलची जाडी,
मग मागच्या रांगेतून : वीज येते कुठून?
कोळशातूनच ना?
म्हणजे धूर तुमचाच, फक्त चंद्रपूरला पाठवलेला.
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
होतं, पण लांबलचक होतं
आणि बिस्किटं संपत आली होती.
विषय उपसमितीकडे गेला.
तोवर प्लग राहू द्या, म्हणाले,
दिवाळीपर्यंत.

खरं तर माझंच अजून ठरत नाही.
महिन्याचा खर्च वहीत लिहिते :
अकराशे, साडेबाराशे, पुन्हा अकराशे.
त्याच रकान्यात पूर्वी नऊ हजार असायचे.
पण हे कुठल्या रकान्यात लिहू,
की आत्याच्या दहाव्याला निघालो
आणि महाडच्या अलीकडे चार्जरच्या पडद्यावर
नुसतंच ‘सेवेत नाही’.
एका रसवंतीवाल्यानं मोटारीचा प्लग काढून आमचा लावला.
तीन तास. एसी बंद. लेक चिडून उसाची चिपाडं मोजत होती.
पोचलो तेव्हा कावळा शिवून गेला होता.
काकांनी विचारलं, गाडी बिघडली काय गं?
म्हटलं, नाही. भुकेली होती.
ते काही बोलले नाहीत. पान वाढलं.

अप्पा वाद घालत नाहीत.
चौतीस वर्षं तुर्भ्याला ट्रकची इंजिनं उघडली त्यांनी,
बॉनेटला कान लावून सांगायचे : तिसरा इंजेक्टर.
ही गाडी आणली त्या दिवशी
त्यांनी मला बॉनेट उघडायला लावलं.
आत एक बंद डबा, नारिंगी केबल, एक पांढरी बाटली पाण्याची.
हात पाठीमागे बांधून उभे राहिले
परक्याच्या देवघरात उभं राहावं तसे.
म्हणाले, हात घालण्यासारखं काही नाही हिच्यात.
तक्रार नव्हती ती.
मला वाटतं, नव्हती.

जुनी गाडी गेटच्या गतिरोधकावर खोकायची.
चौथ्या मजल्यावर ते ऐकून अप्पा गॅस पेटवायचे,
मी दार उघडेपर्यंत आमटीला कढ.
आता मी येते आणि कुणालाच कळत नाही.
बॉनेटवर झोपणारं मांजरसुद्धा
आठवडाभर थंड पत्र्यावर बसून पाहत राहिलं,
मग टिपणीसांच्या गाडीवर राहायला गेलं.
त्याला मत विचारलं असतं
तर ठराव तिथल्या तिथे पडला असता.

काल पाम बीचवर अडकले, कुठला तरी टँकर आडवा,
गेटमध्ये शिरले तेव्हा चौदा टक्के.
खांबापाशी वाकून प्लग लावत होते
आणि मागे चपलांचा आवाज.
लुंगीवर स्वेटर घालून अप्पा खाली आले होते.
कसं कळलं, मी विचारलं नाही.
त्यांनी बोट ओठांवर ठेवलं,
डावा कान बॉनेटला लावला,
डोळे मिटले.

मी ऐकून पाहिलं : काही नाही. पंपाची घरघर, वॉचमनचा रेडिओ.

पंखा, ते म्हणाले. आतला.
बेअरिंग कोरडं पडतंय. दाखवून घे.
मी म्हटलं, अप्पा, गेल्याच महिन्यात सर्व्हिसिंग झालं,
त्यांच्या कॉम्प्युटरवर सगळं हिरवं होतं.
असेल, म्हणाले, आणि कान तिथेच.
पंधरा.
पुढे कितीतरी वेळानं, सोळा.
वर आमटी थंड होत होती
आणि आम्ही दोघंही तिथेच,
ते ऐकत, मी आकडा पाहत.