इरजन

फैजपूरचा मे महिना.
बाहेर चव्वेचाळीस, उबवणपेटीत सदतीस.
आमच्या लॅबमध्ये सगळ्यात गारव्याला
जंतू राहतात.

सकाळी ताटली काढली.
देवकाबाई फेगडे, वय एकसष्ट, लघवी. तिसऱ्यांदा.
औषधात बुडवलेल्या आठ कागदी चकत्या, टिकलीएवढ्या.
चंद्राला पडतं तसं प्रत्येकीला खळं पडायला हवं.
सहांना पडलंच नाही.
जंतू थेट कडेशी येऊन बसलेत,
ओट्यावर पाय सोडून बसावं तसे.

डॉक्टर म्हणाले, एवढं शिकले कुठे हे?
शिकले नाहीत, सर. मागून आणलं.

एक जण बारीक नळी टाकतो, दुसऱ्याला जवळ ओढतो.
पोटात एक सुटं कडं असतं, बांगडीसारखं, दुपदरी.
एक पदर तिकडे जातो, एक इकडे राहतो,
मग दोघंही आपापला जोडपदर विणून घेतात.
देणाऱ्याचं काहीच कमी होत नाही.
कूळ वेगळं, ना रोटी ना बेटी,
तरी कडं जातं.
आणि मेलेल्याच्या फुटल्या अंगातून सांडलेला धागा
एखादा उचलून आपल्या अंगात शिवतो.
त्यांना सुतक नसतं.

कुठून निघालं असेल?
देवकाबाई म्हणतात, मागे पाच दिल्या होत्या,
तिसरीलाच बरं वाटलं, दोन आरशामागे ठेवल्या,
त्या सुनेच्या घशाला कामी आल्या.
की सावद्याकडच्या कोंबड्यांच्या शेडमधून?
की दवाखान्यामागच्या नाल्यातून,
जिथे उन्हाळ्यातही हिरवं असतं?
ताटली पत्ता सांगत नाही.

सहा वेळा 'रेझिस्टंट' लिहिलं.
उरल्या दोन. दोन्ही इंजेक्शनं.
एक तर जळगावलाच मिळेल.

संध्याकाळी कोपरापर्यंत हात धुऊन घरी आले.
भिंतीवर रिकामी वाटी, मागे गोदूकाकूचा आवाज,
"इरजन हाये का वं? पाव्हने येऊन राह्यले."
चमचाभर दिलं.
माझं भांडं होतं तेवढंच दिसलं.
उद्या तिच्याकडे पातेलंभर लागेल,
परवा तिच्याकडून कोणी नेईल.

वाटी उचलता उचलता तिने विचारलं,
छान लागतं वं तुझं, पयले कोनाकडून आनलं होतं?

मी आठवत उभी राहिले.
सासूबाई म्हणायच्या, सांगवीच्या कुणा बाईने दिलेलं.
त्या बाईला कुणी दिलं,
ते त्यांनी विचारलं नव्हतं.