पंचरवाल्याची पाळी

सोल्युशनच्या ट्यूबा विकल्या मी. मोजल्या नाई कधी.
नाईक तलावापाशी माहं दुकान,
एक टब पानी, एक पंप, खोक्यात ट्यूबा.
सायकल नसलेली पोट्टी यायची.
मी विचारलं नाई, सायकल कुठं आहे बे तुही.
पैसे सुट्टे द्यायची,
सुट्टे देनाऱ्याले कोन काय विचारते.

मंग एक दिवस हेडाऊबाई आली,
मागावर बसून बसून पाठ गेलेली बाई.
पदर सोडला न् ट्यूबा ओतल्या फळीवर,
चपट्या, पिळलेल्या, काहींवर दातांच्या खुना.
"नातवाच्या गादीखाली होत्या," म्हने.
"मोजून घे. तुह्याच आहेत."
वरडली नाई. उभी राहिली फक्त,
माहं मोजनं होईपर्यंत.
त्रेचाळीस.

आधी आमी सगळं करून पाहिलं होतं.
मारलं पोट्ट्याइले. ठान्यात नेलं.
नारळावर हात ठेवून शपथा घेतल्या,
त्याच रात्री नारळही गेला, शपथही.
पोळ्याच्या पाडव्याले बेंबीच्या देठापासून बोंबललो,
खोकला घेऊन जा, खरूज घेऊन जा,
सोल्युशन घेऊन जा गे मारबत!
मारबत जळली.
तिच्या धुराच्या आडोशाले
चार पोट्टे रुमाल तोंडाशी धरून बसले होते.

मंग हेडाऊबाईनं वही केली.
लूमच्या शेडमध्ये खिळ्याले टांगलेली, सुतळीनं पेन बांधलेला.
मेयोतला डॉक्टर म्हनाला होता,
गोळ्या मी देतो, रात्र तुमी काढा,
एकट्याले ठेवू नका.
तर रात्रीचे तुकडे केले आमी.
दहा ते दोन, दोन ते सहा.
सोर्टे मास्तर, मेडिकलवाला शकूर,
पापड लाटनाऱ्या दोघी बहिनी,
न् खाली, तिच्या अक्षरात, मले न विचारता, मी.

पाच पंचरवाल्याइनं ठरवलं, ट्यूब हातात द्यायची नाई,
चिकटवायचं ते दुकानात चिकटवायचं.
सहावा फाटकापाशी बसते.
तो अजूनही विकते.
त्याले समजावतो आमी, तो चहा पाजते,
विकते.

पहिल्या रात्री निकेत थरथरत होता.
भिंतीकडे तोंड, मंग छताकडे, मंग माह्याकडे.
म्हने, "काका, हात द्या न जरा."
मले वाटलं, पोट्टं घाबरलं.
दिला.
त्यानं तो नाकाशी नेला.

हात वढून घेतला मी. बाहेर येऊन
राखेनं घासला, लिंबानं, घासलेटनं घासला.
वीस वर्षांचा वास
एका रात्रीत कुठं निघते.
तवापासून पाळीच्या दिवशी दुकान बंद.
बायको म्हनते, खानार काय.
ती बरोबर म्हनते.

सतराव्या दिवशी पळाला.
इतवारी टेशनवर सापडला, शुद्ध नसलेला.
आता बाई वही फाडते, असं मले वाटलं.
तिनं चष्मा पुसला, नवी ओळ आखली,
लिहिलं: निकेत, रात्र पहिली.
एवढंच.
मागच्या सतरा रात्री खोडल्या नाई तिनं.

आज वहीत निकेतचं नाव दुसऱ्या कॉलमात आहे.
शकूरच्या भाच्यापाशी बसला आहे तो,
ओल्या फडक्यानं कपाळ पुसून राहिला,
काहीतरी सांगून राहिला हळू आवाजात,
बहुतेक पिक्चरची गोष्ट.
मी पायरीवर.
भरवसा आहे त्याच्यावर.
तरी बसलो आहे, हात खिशात घालून.

पहाटे दोन वाजता माही सही होईल,
अठ्ठाविसावी.
पंधरा राहिल्या.
न् ह्या तर एकाच गादीखालच्या.